हारुबाईंची जपानी

खोक्याच्या फळीवर काळ्या रंगात चार अक्षरं उमटवलेली होती, एकाखाली एक. आमच्या पेढीत ती कुणालाच वाचता येत नव्हती. फोर्टातली ती लहानशी पेढी जपानहून कपबशा, काचेचे मणी, शिवणयंत्रांचे सुटे भाग असा माल मागवायची आणि मी तिथे टायपिस्ट होते. सकाळी कॉलेज, तिथून पेढी, असा माझा दिवस असे.

मालकांनी डोकं चालवलं. जपानी अक्षरं मुळात चिनीच असतात असं त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं. त्यांनी ती अक्षरं उतरवून घेतली आणि एका कारकुनाला भायखळ्याच्या चिनी दंतवैद्याकडे पाठवलं. दंतवैद्याने बिचाऱ्याने प्रामाणिकपणे वाचून दाखवलं: आकाश, पृथ्वी, नाही, गरज. मालक म्हणाले, "म्हणजे वरखाली बघायची गरज नाही. ठेवा कशीही." हमालांनी कशीही ठेवली. दिवाळीच्या तोंडावर खोकी उघडली तेव्हा आत कपबशा नव्हत्या, त्यांचा चुरा होता.

त्यावर कुणीतरी सांगितलं की गिरगावात एका चाळीत एक जपानी बाई राहते. मालकांनी फळी माझ्या हातात दिली आणि मला तिकडे पिटाळलं.

दार उघडलं तेव्हा त्या बाई मोरीपाशी कोलंबी सोलत बसल्या होत्या. साधं गोल पातळ, केसांचा छोटा अंबाडा, कपाळ मोकळं. चेहरा जपानी, पण "कोण गं तू? आत ये ना, दारात काय उभी?" हे मात्र थेट गिरगावातलं. त्यांनी हात धुतले, फळी उजेडात धरली आणि म्हणाल्या, "उलटं करू नका."

"काय उलटं?"

"असं लिहिलंय. उलटं करू नका. का? काय झालं?"

मी दंतवैद्याची हकिगत सांगितली. त्या इतक्या हसल्या की शेजारीण डोकावून गेली. मग म्हणाल्या, "त्या माणसाचं काही चुकलं नाही गं. शब्द सगळे बरोबर. पण आम्ही 'गरज नाही' म्हणतो ना, त्याचा अर्थ 'नको' असतो. वरचं खाली नको. आमच्याकडचीसुद्धा माणसं यात फसतात."

शब्द सगळे बरोबर आणि माल सगळा फुटला, हे माझ्या डोक्यातून जाईना. निघताना मी विचारलं, "मला शिकवाल?"

"चार अक्षरं, की सगळी?"

"सगळी."

"उद्यापासून ये. पण वेळेवर."

मी दुभाषी कशी झाले असं लोक विचारतात तेव्हा मी त्यांना हेच सांगते. आमच्या घरात जपानचा काही संबंध नव्हता. वडील, म्हणजे आबा, परळच्या एका गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. आम्ही मूळचे मालवणकडचे, राहायला लालबागला, एका खोलीत. त्या काळी मुंबईत जपानी हा विषय घेऊन पदवी मिळवायची सोय मला कुठे सापडली नाही. मी चौकशी करायला गेले तेव्हा एका कॉलेजातल्या कारकुनाने मला फ्रेंचचा फॉर्म दिला आणि म्हणाला, "परदेशी आहे ना? मग झालं."

त्या जपानी बाई म्हणजे हारुबाई. त्यांचे यजमान प्रधान. तरुणपणी काचकामाचं शिक्षण घ्यायला ते टोकियोला गेले होते. तिथे ज्या खानावळीत जेवायचे तिथे हारुबाई कामाला होत्या. लग्न करून दोघं बोटीने आले ते गिरगावातच. यजमान दुसऱ्या महायुद्धाआधीच वारले. जपानशी लढाई सुरू झाल्यावर शत्रुदेशाची बाई म्हणून त्यांना चौकीवर हजेरी द्यायला लागायची, तेव्हा चाळीतल्या बायका आळीपाळीने सोबत जायच्या, त्यांना एकटं सोडायच्या नाहीत. त्यानंतर बाई जपानला परत गेल्याच नाहीत. भाकरी थापायच्या, पापड लाटायला जायच्या, मराठीत भांडायच्या. एका 'ळ'शी तेवढं त्यांचं जमलं नाही; त्यांचं बोलणं सांगताना बहुतेक ठिकाणी तो मीच घालते. चाळीला त्या शेवटपर्यंत 'चारी' म्हणत.

शिकवायला मात्र भयंकर कडक. पहिले काही महिने त्यांनी मला एक वाक्य बोलू दिलं नाही. फक्त अक्षरं. कोणती रेघ आधी, कोणती नंतर, उचलायची कुठे, दाबायची कुठे. रेघांचा क्रम चुकला की अक्षर दिसायला बरोबर असलं तरी त्या ते खोडून टाकत. मी एकदा वैतागून म्हटलं, "बाई, वाचणाऱ्याला काय कळणार आहे कुठली रेघ आधी काढली?" त्या म्हणाल्या, "मला कळतं. पुन्हा काढ."

वाक्यं सुरू झाली तेव्हा मला पहिला सुखद धक्का बसला. इंग्रजी शिकताना मराठी वाक्य उलटंपालटं करावं लागायचं. जपानीत तसं काही नाही. 'मी टोकियोला जाते' हे ज्या क्रमाने आपण म्हणतो त्याच क्रमाने ते म्हणतात. 'ला'च्या जागी त्यांचा 'नि', 'चा-ची-चे'च्या जागी एकच 'नो', आणि तोही नामाच्या मागूनच येतो. क्रियापद शेवटी, नकार त्याच्याही शेवटी. पुढे दुभाषी म्हणून काम करताना जपानीतून इंग्रजीत भाषांतर करणारे सहकारी वाक्य संपेपर्यंत घामाघूम व्हायचे, कारण समोरचा हो म्हणतोय की नाही हे शेवटच्या शब्दापर्यंत कळत नाही. मला त्याचं काही वाटायचं नाही. आपल्याकडेही माणूस 'मी तुमचं काम नक्की करणार' इथपर्यंत येऊन 'नाही' म्हणू शकतो. वाट बघायची सवय मला जन्मापासून होती.

हे सगळं चालू असताना बाहेर शहर पेटलेलं होतं. संयुक्त महाराष्ट्राचा लढा लालबाग-परळात घराघरात शिरला होता. गिरणी सुटली की माणसं घरी न जाता सभेला जायची. आबा बोलणारे नव्हते, पण मोर्चात पुढे असायचे. फाउंटनला गोळीबार झाला त्यानंतर आमच्या चाळीत कितीतरी दिवस कुणी मोठ्याने हसलं नाही. मीही बायकांच्या मोर्चात जात होते, घसा बसेपर्यंत घोषणा देत होते आणि संध्याकाळी त्याच बसलेल्या घशाने हारुबाईंसमोर जपानी उच्चार काढत होते.

आमच्या शेजारी सावंतकाका राहायचे. आबांच्याच खात्यात, लढ्यात त्यांच्या बरोबरीने. एकदा नळावर सगळ्यांसमोर ते मला म्हणाले, "अगो कुसुम, हय आमी मराठीसाठी लाठये खातंव आणि तू जपानी शिकतंस? लाज नाय वाटणा?"

मी हंडा उचलून घरात आले आणि रडले. आबा खाटेवर बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते एवढंच म्हणाले, "आपली भाषा आसा म्हणून दुसऱ्याची शिकाची नाय, असा कोणी सांगितला?" पुढे या विषयावर ते कधी बोलले नाहीत. मला तेवढं पुरलं.

हरताळाच्या दिवशी ट्राम, बस सगळं बंद असायचं. अशा एका दिवशी मी लालबागहून गिरगावापर्यंत चालत गेले. वाटेत दोनदा पोलिसांनी अडवलं, एका गल्लीत अश्रुधूर होता. पोचले तेव्हा डोळे लाल, चपलेचा अंगठा तुटलेला. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं.

"उशीर झाला."

"बाई, हरताळ आहे!"

"हरताळ शहराचा. क्रियापदांचा नाही. बस."

माझा संताप संताप झाला. पण बसले. धडा चालू असतानाच खाली आरडाओरडा झाला आणि तरुण पोरं जिन्यावरून धावत वर आली. मागे धूर. बाई उठल्या, बादलीत फडकी बुडवून एकेकाच्या हातात दिली, दोघांना आत घेऊन दार लावलं. त्यातला एक डोळे पुसत म्हणाला, "वहिनी, तुम्ही कोणाच्या बाजूच्या हो?"

"या चारीच्या," बाई म्हणाल्या आणि मला विचारलं, "कुठे होतो आपण? नकारी रूप. म्हण."

त्या पोरांच्या समोर मी नकारी रूपं म्हटली. त्यांना वाटलं असेल, दोघीही वेड्या आहेत.

आता पेढीतली एक गोष्ट सांगते, कारण तिच्यावाचून पुढचं समजणार नाही. जपानहून एक विक्रेते आले होते. मालकांना माल हवा होता, पण स्वतःच्या मनासारख्या अटींवर. मी नवखी दुभाषी, दोघांच्या मध्ये बसले. मालकांनी अट सांगितली. पाहुणे बराच वेळ दातांतून हवा आत ओढत बसले आणि म्हणाले, "मुझुकाशी." म्हणजे कठीण आहे. मी तसंच सांगितलं. मालक खूश झाले. कठीण म्हणतोय म्हणजे तयार आहे, थोडं ताणलं की येईल. त्यांनी ताणलं. पाहुणे पुन्हा "मुझुकाशी" म्हणाले आणि हसले. मालक आणखी खूश.

बाईंनी मला हा शब्द नीट शिकवलेला होता. जपानी माणूस तोंडावर नाही म्हणत नाही. कठीण म्हणतो, आणि त्याचा अर्थ नाही असाच असतो. मी मालकांच्या कानाशी जाऊन म्हटलं, "शेठ, ते कधीचे नाही म्हणतायत."

"अगं, हसतोय तो!"

"म्हणूनच."

मालकांनी अट सोडली आणि माल मिळाला. दुभाष्याचं काम म्हणजे शब्दांचं काम, असं बाहेरच्याला वाटतं. शब्द तर तो दंतवैद्यसुद्धा सांगू शकला होता.

त्या सुमारास पेपरात जाहिरात आली. जपानमधल्या एका विद्यापीठात जपानी भाषा आणि संस्कृती हा मुख्य विषय घेऊन शिकायची शिष्यवृत्ती. मी अर्ज केला. लेखी परीक्षा झाली, मग मुलाखत, तीही सगळी इंग्रजीत. आणि माझी निवड झाली. आमच्या चाळीत पेढे वाटले गेले. सावंतकाकांनी पेढा घेतला, पण माझ्याकडे बघितलं नाही.

पासपोर्टासाठी पोलीस चौकशी व्हायची. मधल्या काळात आबांनी सत्याग्रह केला होता आणि तुरुंगात जाऊन आले होते. चौकशीला आलेले गृहस्थ स्वभावाने वाईट नव्हते. त्यांनी चहा घेतला, माझं कौतुक केलं आणि मग आबांना म्हणाले, "तुमच्या नावावर केस आहे. मुलीचं प्रकरण अडकून राहील. तुम्ही लेखी द्या की झालं ते चुकलं, पुन्हा चळवळीत भाग घेणार नाही. मग मला वर काहीतरी सांगता येईल."

ते गेले, आईने कपबशा उचलल्या. मग ती आबांना म्हणाली, "दोन वळी लिवन दिल्यात तर काय हात झडतलो? पोरगी जाता ती काय रोज जाता?"

आबा म्हणाले, "लिवतंय. कागद आण गो."

त्यांचा आवाज अगदी साधा होता. पोरीसाठी माणूस जे करतो ते करायला ते तयार झाले होते, त्यात त्यांना काही मोठं वाटत नव्हतं. पण मी त्यांना तुरुंगातून सुटून आल्यावर पाहिलं होतं. आमच्या नाक्यावर लोकांनी त्यांना हार घातला तेव्हा हा न बोलणारा माणूस मान खाली घालून उभा होता आणि तो हार दोन्ही हातांनी छातीशी धरून होता. ते सगळं चुकलं असं त्यांनी लिहून द्यायचं, आणि त्या कागदावर पाय ठेवून मी बोटीत चढायचं?

"आबा, तुम्ही लिहून दिलंत तर मी जाणार नाही."

"आणि नाय दिलंय तर जाऊक गावणार नाय. मग करतलंस काय?"

"इथेच शिकेन."

"हय? हय कोण शिकवतला?"

"बाई आहेत."

आई कपाळावर हात मारून बसली. "बापाक ताळ नाय, पोरीक ताळ नाय," एवढंच म्हणाली. कागद काही आणला गेला नाही. बोट गेली, वर्ष गेलं.

हारुबाईंना मी सांगितलं तेव्हा त्यांनी वाईट वाटल्याचं काही दाखवलं नाही. त्यांनी विचारलं, "तिकडे पहिल्या वर्षी काय शिकवणार होते?" माझ्याकडे विद्यापीठाने पाठवलेलं विषयांचं पत्रक होतं. त्यांनी ते भिंतीला लावलं. "हे सगळं इथे करायचं. पुढच्या वर्षी परत अर्ज."

आणि आम्ही ते केलं. वाचन, लेखन, इतिहास, जुन्या कविता, पत्र लिहिण्याच्या रीती. यातलं निम्मं बाईंना स्वतःला येत नव्हतं. त्या खेड्यातल्या, थोडं शिकून कामाला लागलेल्या. पण त्या आधी स्वतः शिकायच्या आणि मग मला शिकवायच्या. पेढीत येणाऱ्या जपानी पाहुण्यांकडून मी जुनी पुस्तकं मागून आणायची. कुणी सहज वाचायला आणलेलं मासिक सोडून जायचं, कुणी मुलांचं इतिहासाचं पुस्तक पाठवून द्यायचं. चहाचा विधी शिकायला आमच्याकडे ना ती हिरव्या चहाची पूड होती, ना ती घुसळायचा बांबूचा कुंचला. बाईंनी पितळेच्या वाटीत ताक घेतलं आणि वाटी कशी धरायची, कशी फिरवायची, समोरच्याला कशी द्यायची ते ताकावर शिकवलं. मी ताक सांडलं की पुन्हा पहिल्यापासून.

पुढच्या वर्षी मी मुलाखतीला गेले. एकदा निवड होऊन जो गेला नाही त्याला सहसा पुन्हा घेत नाहीत, असं मला बाहेरच्या बाकावरच कुणीतरी सांगितलं. या खेपेला समितीत जपानहून आलेले एक प्राध्यापक होते, किकुची नावाचे. पन्नाशीचे, बारीक, चष्मा लावलेले. त्यांनी सरळ जपानीत सुरुवात केली. रोज काय वाचता, असं विचारलं. मी म्हटलं, मिळालं तर जपानी वर्तमानपत्र. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि तो वर्तमानपत्राचा शब्द मला पुन्हा म्हणायला सांगितला. मी पुन्हा म्हटला.

मग त्यांनी विचारलं, "गेल्या वर्षी तुमची निवड झाली होती. गेला का नाहीत?"

काहीतरी घरगुती कारण सांगायचं असं मी ठरवून गेले होते. ऐन वेळी ते तोंडातून निघेना. मी म्हटलं, वडील आमच्या भाषेच्या राज्यासाठी तुरुंगात गेले होते, आणि ती चूक होती असं मला त्यांच्याकडून वदवून घ्यायचं नव्हतं. 'आमची भाषा' यासाठी मला पुस्तकी शब्द आठवला नाही. बाई जो वापरत तोच मी वापरला: ओकुनी कोतोबा. 'कुनी' म्हणजे देश. पण आपला कोकणातला माणूस 'देशावर गेलो' म्हणतो तसा त्यांच्यातही त्याचा अर्थ आपला मुलूख, आपलं गाव असाही होतो. ओकुनी कोतोबा म्हणजे आपल्या मुलखाची बोली.

किकुची-सानांनी ('सान' म्हणजे आपलं 'राव') चष्मा काढून पुसला. मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला जपानी कुणी शिकवलं?"

"गिरगावात एक बाई आहेत."

"त्या बाई कुठल्या?"

मी हारुबाईंच्या गावाचं नाव सांगितलं. ते एकदम हसायला लागले, इतके की समितीतले बाकीचे चक्रावले. मग त्यांनी इंग्रजीत खुलासा केला. मी जे बोलत होते ते टोकियोचं जपानी नव्हतंच. उत्तरेकडच्या डोंगरातल्या एका खोऱ्याचे उच्चार होते, तेही तीस वर्षांपूर्वीचे. वर्तमानपत्राला 'शिंबुन' म्हणतात, मी 'सुंबुन' म्हणत होते. हो म्हणायचं तिथे मी 'न्दा' म्हणत होते. पुण्यातल्या प्राध्यापकांसमोर एखाद्या जपानी मुलीने ठसक्यात मालवणी बोलावं, तसं माझं झालं होतं. पेढीतल्या जपानी पाहुण्यांनी सभ्यपणे हे कधी माझ्या कानावर घातलं नव्हतं; मी मान खाली घातली.

"लाजू नका," किकुची-सान म्हणाले. "माझी आजी अशीच बोलायची."

मायदेशी परतण्याआधी ते हारुबाईंना भेटायला आले. मी त्यांना घेऊन जिना चढले. बाईंना निरोप गेला होता. त्यांनी चांगलं पातळ नेसलं होतं, खोली दोनदा झाडली होती. किकुची-सान दारात वाकले आणि त्याच डोंगरातल्या बोलीत काहीतरी म्हणाले. बाईंनीही वाकून नमस्कार केला, तोंड उघडलं आणि त्यांच्या तोंडून निघालं, "या, या, बसा. चहा टाकते."

मग त्यांच्या लक्षात आलं. त्या तोंडावर पदर घेऊन हसल्या आणि पदर बराच वेळ काढला नाही.

त्यानंतर दोघं जे बोलत सुटले ते मी कोपऱ्यात बसून ऐकलं. कुठली नदी, कुठला घाट, बर्फ पडल्यावर मुळे कसे पुरून ठेवतात, कुणाची मुलगी कुणाकडे दिली. मला सगळं समजत होतं. एक शब्दही अडला नाही. बाईंना इतकं भरभर बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यांचा आवाजसुद्धा वेगळा, जरा चढा, कोवळा झाला होता.

चहा झाल्यावर बाई एकदम सरळ बसल्या. "हिला घेणार का?"

किकुची-सानांनी दातांतून हवा आत ओढली. मी उचललेली कपबशी पुन्हा खाली ठेवली. "नियम आहे," ते म्हणाले. "मुझुकाशी."

"मी मुंबईत राहते," बाई म्हणाल्या. जपानीतच, पण नळावरच्या सुरात. "इथे कठीण म्हणजे कठीण आणि नाही म्हणजे नाही. कठीण असेल तर करा. नाही असेल तर माझ्या तोंडावर नाही म्हणा."

त्या माणसाला आयुष्यात असं कुणी बोललं नसावं. तो वाटीतल्या चकलीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "कठीण आहे. करतो."

माझी निवड झाल्याचं कळलं तोवर महाराष्ट्र राज्य झालं होतं. लढ्यातल्या केसेस मागे घेतल्या गेल्या, पासपोर्ट मिळाला. बॅलार्ड पियरवर आबा, आई आणि बरोबर सावंतकाका आले होते. बोलावलं नव्हतं, स्वतः आले होते. आबांनी विचारलं, "थय कोणी इचारला खयची, तर काय सांगशीत?"

"महाराष्ट्र."

"तेंच्या भाषेत कसा म्हणतत?"

मी सांगितलं, "मा-हा-रा-शु-तो-रा."

सावंतकाका ओरडले, "अरे द्येवा! एवढो झगडून मिळवलो आणि ह्येंनी तेचे सा तुकडे केल्यानी!" आणि मग हसता हसताच त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

विद्यापीठात मला वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ येत होतं आणि वाटलं होतं त्यापेक्षा पुष्कळ येत नव्हतं. वाचनात, अक्षरात मी वर्गाच्या पुढे. रेघांचा क्रम पाहून शिक्षक खूश. तोंड उघडलं की वर्ग हसायचा. उच्चारांचे शिक्षक वेगळं बसवून माझ्याकडून 'शि' घोटून घ्यायचे. मी चिकाटीने घोटला. दुभाषी व्हायचं तर हसं होऊन चालणार नव्हतं. पदवी मिळाली तोवर मी रेडिओवरच्या बाईसारखं बोलू लागले होते. फोनवर कुणाला मी परदेशी आहे हे कळत नसे, याचा मला फार अभिमान होता. आजही आहे. फक्त त्या अभिमानासाठी काय गेलं ते मुंबईत परतल्यावर कळलं.

बोटीवरून उतरले आणि दुसऱ्याच दिवशी गिरगावात गेले. बाई थकल्या होत्या, पण कोलंबी सोलतच होत्या. मी दारात उभी राहून जपानीत बोलायला सुरुवात केली. प्रवास, विद्यापीठ, किकुची-सानांचा निरोप. बाई मान तिरपी करून ऐकत राहिल्या. मी थांबले तेव्हा म्हणाल्या, "छान बोलतेस गं. अगदी टोकियो." थोड्या वेळाने मराठीत म्हणाल्या, "आता तुझं ऐकून कुणाला कळायचं नाही, तू माझ्याकडे शिकलीस म्हणून."

मी जुना उच्चार काढून पाहिला. आला नाही. म्हणजे आला, पण नक्कल केल्यासारखा. बाईंच्याही ते लक्षात आलं. त्या म्हणाल्या, "राहू दे. जे तुझं आहे ते बोल."

मला वाटलं, विषय संपला. पण आठवड्याभराने मी पुन्हा गेले तेव्हा त्या कोरी पाटी आणि खडू घेऊन बसलेल्या. "माझ्याकडे आता पाच-सहा मुलं येतात," त्या म्हणाल्या. "बँकेतली, पेढ्यांमधली. ती तिकडे जातील. तुझ्यासारखं त्यांचंही हसं होईल. ते मला नको. मला टोकियोचं शिकव."

"बाई, मी तुम्हाला काय शिकवणार?"

"शिंबुन. म्हण. मी मागून म्हणते."

मी म्हटलं. त्या म्हणाल्या, "सुंबुन." मी पुन्हा म्हटलं. त्यांनी ओठ ताणले, जीभ दाताला लावली, आरसा घेतला. "सुंबुन." पुन्हा. पुन्हा. मी म्हटलं, "बाई, पुरे झालं आज." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा 'शिंबुन' म्हटलं.

महिना-दोन महिने आम्ही रोज हेच केलं. बाईंना तो 'शि' जमला नाही. कधी एखादा निसटून बरोबर यायचा आणि पुढच्याच शब्दाला परत खोऱ्यात जायचा. शेवटी त्यांनीच एका सकाळी पाटी पुसली आणि वाटणी केली. वर्ग एकत्र चालवायचा. मोठ्याने वाचायचं मी, अर्थ सांगायचा त्यांनी. उच्चार माझे, रेघा त्यांच्या.

तो वर्ग आधी गिरगावात आणि मग दादरला पुष्कळ वर्षं चालला. पहिल्या दिवशी मुलं सतरंजीवर बसली. मी समोर उभी राहिले, जरा धीर गोळा केला आणि म्हटलं, "माझ्या मागून म्हणा." मुलांनी म्हटलं. सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून, माझ्या बाईही म्हणत होत्या.